पेट्रोल वाढवण्याआधी दाब मोजावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कार्बोरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) गाड्यांना बाहेरून इंजेक्शनचे (कॉम्प्युटरच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारे) किट बसवून घेण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. किटचे फायदे लेखकाने नीट सांगितले आहेत आणि त्यांच्याशी माझे फारसे भांडण नाही. हरकत आहे ती शेवटाकडच्या एका वाक्याला. किट बसवल्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल, तर ट्यूनिंगवाल्याकडून पेट्रोल वाढवून घ्यावे, असा सल्ला त्यांनी दिला आहे. केजच्या माझ्या एका परिचितांनी ते कात्रण खिशात घालून गॅरेज गाठले, पेट्रोल वाढवून घेतले, आणि आता त्यांची गाडी लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर कमी चालते व अडखळायची ती अडखळतेच. हाच सल्ला मी स्वतः तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये तीन वेळा पैसे मोजून घेतलेला असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग पडले.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या व्यवसायाचा निदेशक होतो. कार्बोरेटर उघडून धुणे, जेट फुंकून साफ करणे, फ्लोटची पातळी बसवणे हे शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे माझ्या १९९७ च्या जिप्सीचा कार्बोरेटर काढून टाकताना मला थोडे वाईटही वाटले. परंतु २००० सालच्या आसपास गाड्यांच्या कारखान्यांनी कार्बोरेटर सोडून इंजेक्शन धरले आणि पुढे जुन्या कार्बोरेटरचे अस्सल सुटे भाग मिळणे दुरापास्त होत गेले. नकली डायफ्रॅम (कार्बोरेटरमधला लवचीक पडदा) वर्षात दोनदा बदलण्यापेक्षा किट परवडेल असा हिशेब करून मी कार्बोरेटरच्या जागी बसणारे, थ्रॉटल बॉडीतच (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हवेची वाट उघडणारी झडप जिच्यात असते त्या भागातच) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, असलेले किट घेतले. (असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा विचार करून परिवहन कार्यालयात विचारणा करावी, एवढे तरी लेखकाने लिहायला हवे होते.) किट बसले, गाडी थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली, आणि त्याच दिवसापासून तिला पिकअपचा रोग जडला. पाय हलकेच ठेवला तर गाडी लोण्यासारखी चाले, पण ओव्हरटेक करण्यासाठी जरा जोरात दाबला की ती एक आचका देई, थोडी उचल घेई आणि पुन्हा मान टाके.

हे का होते, ते आधी सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय उपायाचा निवाडा करता येत नाही. थ्रॉटलची झडप एकदम उघडली की हवा क्षणात आत घुसते, कारण हवा हलकी असते. पेट्रोल तितक्या चपळाईने जात नाही. मॅनिफोल्डमधली (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतली) पोकळी, म्हणजे हवेची ओढ, अचानक कमी झाल्यामुळे पेट्रोलची वाफ होणे मंदावते आणि फवाऱ्यातला बराचसा भाग मॅनिफोल्डच्या भिंतींना ओला थर होऊन चिकटून राहतो. सिलिंडरपर्यंत पोहोचणारे मिश्रण तेवढ्यापुरते पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असे होते. जुन्या कार्बोरेटरमध्ये यासाठी अ‍ॅक्सिलरेटर पंप नावाची छोटी पिचकारी असे, जी पाय दाबला की पेट्रोलची एक चिळकांडी जास्तीची मारी. इंजेक्शनमध्ये हेच काम कॉम्प्युटर करतो. झडप किती वेगाने उघडली हे थ्रॉटलचा सेन्सर सांगतो, मॅनिफोल्डचा दाब किती झपाट्याने वाढला हे मॅप सेन्सर सांगतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर जेमतेम अर्धा सेकंद जास्तीचे पेट्रोल देतो. ट्यूनिंगवाले ज्याला ‘पेट्रोल वाढवणे’ म्हणतात ते बहुतेक वेळा या अर्ध्या सेकंदाचा आकडा वाढवणे असते.

आता गोम अशी आहे की मान टाकण्याचे प्रकार दोन आहेत आणि बसणाऱ्याच्या पाठीला ते जवळजवळ सारखेच जाणवतात. पाय दाबल्याच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात इंजिन गपगार होणे हा एक प्रकार. त्याचा संबंध त्या जास्तीच्या पिचकारीशी किंवा थ्रॉटलच्या सेन्सरशी असतो. गाडी आधी उचलते आणि दोन-तीन सेकंदांनी दम सोडते हा दुसरा प्रकार. त्याचा संबंध टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या पुरवठ्याशी किंवा ठिणगीशी असतो, आणि पिचकारीचा आकडा कितीही वाढवला तरी त्याला काडीचा फरक पडत नाही. शिवाय पहिल्या प्रकारातही मिश्रण पातळ पडल्याने गाडी अडखळते तशी ते फार घट्ट झाल्यानेही अडखळते. पातळ असेल तर मागे सेवन नळीत फटका वाजतो, आणि घट्ट असेल तर सायलेन्सरमधून काळा धूर निघून इंजिन गुदमरल्यासारखे आवाज करते. दोन्हींवरचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे. अशा वेळी न मोजता पेट्रोल वाढवणे म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसे, दुखणे हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

माझ्या गाडीचे प्रत्यक्ष काय निघाले ते थोडे तपशिलाने सांगतो. पहिल्या गॅरेजने पिचकारीचा आकडा वाढवला. आठवडाभर बरे वाटले. दुसऱ्याने तो आणखी वाढवला आणि प्लग बदलले. तिसऱ्याने आकडा पुन्हा वाढवून शेवटी मोठे इंजेक्टर घेण्याचा सल्ला दिला. तेव्हा मात्र मी स्वतःवरच रागावलो, कारण आयुष्यभर मुलांना ‘आधी माप, मग पाना’ असे शिकवणारा माणूस तीन वेळा माप न घेता बिल भरून आला होता. मी इंधनाचा दाब मोजणारा एक साधा गेज विकत घेतला. माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला आणि किटच्या कॉम्प्युटरला त्याने तो जोडला. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणणे धोक्याचे असल्यामुळे गेज आम्ही बाहेर, काचेवर, वायपरच्या पात्याखाली चिकटपट्टीने बांधला, म्हणजे काटा आतून दिसावा आणि गळती झालीच तर ती बाहेर व्हावी. अशा गेजला इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी आणि पक्की क्लिप लागते. कार्बोरेटरच्या जमान्यातली मऊ नळी तीन-चार पीएसआयसाठी (पीएसआय हे दाबाचे माप) असते, इंजेक्शनच्या ४३ पीएसआयला ती फुटू शकते.

सकाळी रहदारी सुरू होण्याआधी आम्ही बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढायला घेतला. मी चालवत होतो, विद्यार्थी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. जागेवर रेसिंगला काटा ४३ वर, म्हणजे ३ बारवर, स्थिर होता. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय पूर्ण दाबला. पहिल्याच क्षणी मागच्या आरशात काळा धूर दिसला आणि विद्यार्थी म्हणाला, “सर, दहा पॉइंट चार.” म्हणजे एक भाग पेट्रोलला हवा फक्त १०.४ भाग, जेव्हा अशा जोराच्या वेळी साधारण साडेबारा ते तेरा हवी. पुढच्या तीन सेकंदांत वायपरखालचा काटा माझ्या डोळ्यांदेखत ४३ वरून ३१ वर आला आणि पडद्यावरचा आकडा १२.८ वरून १५ च्या पुढे गेला. एकाच दाबात, एकाच चढावर, गाडी आधी पेट्रोलने गुदमरत होती आणि लगेच पेट्रोलविना तडफडत होती. तिन्ही गॅरेजनी पहिले दुखणे वाढवले होते आणि दुसऱ्याला हातही लावला नव्हता.

इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ४३ चे ३१ झाल्यावर इंजेक्टर तितकाच वेळ उघडा असूनही पेट्रोल सुमारे १५ टक्के कमी जाते. कॉम्प्युटरला याचा पत्ता नसतो. दाब कायम आहे असे गृहीत धरूनच तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. दाब का पडतो हे शोधायला आम्ही गाडी खाली घेतली. पंपाच्या आधीचा फिल्टर कापून पाहिला तर आत तांबूस चिखल होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या टाकीतला जुना थर सुटून आला होता, आणि हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल असा थर सोडवते हे लक्षात घेता त्याचे मला नवल वाटले नाही. मग पंपाची वीज मोजली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपाच्या दोन टोकांमध्ये जेमतेम १०.६. मीटरची एक तार पंपाच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तेव्हा तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे होते, दिसले २.४. किट बसवणाऱ्याने पंपाची अर्थिंग चेसिसच्या रंगावरच एका स्क्रूने आवळली होती. रंग खरवडून धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बॅटरीपासून स्वतंत्र रिले व जाड वायर ओढली, फिल्टर बदलला आणि टाकी काढून धुतली. पुन्हा त्याच घाटात त्याच गिअरमध्ये काटा ४२ च्या खाली आला नाही.

त्यानंतरच आम्ही पिचकारीच्या आकड्याला हात लावला, आणि तोही वाढवला नाही, उलट किट बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ आकड्यावर परत आणला. तेवढ्याने काळा धूर गेला. मग दर वेळी एकच बदल करून आणि तो वहीत लिहून, गरम इंजिनवर तो आकडा बसवला. यातली एक युक्ती वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ज्या वेगाला गाडी अडखळते त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये, पाय सावकाश दाबून पाहावा. सावकाश दाबूनही ती अडखळत असेल, तर दोष पिचकारीत नसून इंधनाच्या मूळ तक्त्यात (कधी किती पेट्रोल द्यायचे ते सांगणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या कोष्टकात), पुरवठ्यात किंवा ठिणगीत आहे. सावकाश दाबल्यावर सुरळीत चालते आणि झटक्यात दाबल्यावरच अडखळते, तरच पिचकारीकडे वळावे. मूळ तक्ता चुकलेला असताना पिचकारी वाढवली तर काही दिवस दोष झाकला जातो आणि हवामान बदलले की तो पुन्हा वर येतो.

किट विकणारे सांगतात की यातला कॉम्प्युटर चालता चालता स्वतःच शिकतो, ट्यूनिंगची गरज नाही. हे अर्धसत्य आहे. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर पाहून तो एका गतीत चालणाऱ्या गाडीचे मिश्रण दुरुस्त करतो, पण पाय दाबल्याचा तो अर्धा सेकंद इतका लहान असतो की सेन्सरकडून उत्तर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. शिवाय त्या सेन्सरच्या आधी नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि कॉम्प्युटर खोटे धडे गिरवत बसतो. एखादा प्लग मिस करत असला तरी असेच होते, कारण न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरपाशी तसाच पोहोचतो.

इथेनॉलचा मुद्दा लेखात आलाच नाही आणि तो आमच्या भागाला फार जवळचा आहे, कारण ज्या उसापासून ते बनते तो आमच्याच शेतात उभा असतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. याचा अर्थ तितक्याच हवेला पेट्रोल सुमारे नऊ टक्के जास्त द्यावे लागते. जुन्या, शुद्ध पेट्रोलच्या तक्त्यावर बसवलेले किट एका गतीत स्वतःला सावरून घेते, पण पिचकारी तेवढी तोकडीच राहते. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी गार इंजिनवर ओला थर अधिक साचतो आणि गाडी जास्त अडखळते. इथे पिचकारी वाढवणे खरोखरच योग्य ठरते, मात्र ती गार इंजिनच्या वेगळ्या रकान्यात वाढवायची, सगळीकडे नाही. म्हणजे लेखकाचा सल्ला सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणत नाही; तो शेवटी यायचा होता, तो त्यांनी पहिला दिला. आणखी एक बारकावा असा की पडद्यावरचा आकडा शुद्ध पेट्रोलच्या मापात दाखवला जात असेल, तर २० टक्के इथेनॉल असतानाही योग्य मिश्रणाला तो १४.७ च दाखवतो. तिथे १३.५ आणण्याच्या नादात लोक मिश्रण नको तितके घट्ट करून बसतात. माझे वर दिलेले आकडेही याच मापातले आहेत.

पैसे न खर्चता घरी करता येतील अशा दोन तपासण्या सांगतो. थ्रॉटलच्या सेन्सरची सिग्नलची तार काट्याच्या मीटरला जोडून, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून, झडप हळूहळू उघडावी. काटा साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत कुठेही न दचकता चढला पाहिजे. मधेच तो खाली पडला तर तेवढ्या जागेत सेन्सर झिजलेला आहे, आणि ती जागा नेमकी रोज जिथे पाय असतो तीच निघते. आकड्यांचा मीटर हा क्षणिक झटका गिळून टाकतो, म्हणून जुना काट्याचा मीटर फेकून देऊ नये. दुसरी तपासणी मॅप सेन्सरची. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, तर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, म्हणजे आमच्या बालाघाटाच्या माथ्यासारख्या ठिकाणी, तो ९४ च्या आसपास दिसायला हवा. बालाघाटावर उभ्या असलेल्या गाडीत तो १०१ दाखवत असेल तर सेन्सरची मांडणीच चुकली आहे. त्याच्याकडे जाणारी पोकळीची रबरी नळीही वाकवून पाहावी. आमच्या उन्हाळ्यात इंजिनाजवळचे रबर दोन वर्षांत तडकते.

ठिणगीविषयी थोडक्यात एवढेच की डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत तांब्याच्या गाभ्याच्या साध्या प्लग वायर ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणारा विजेचा गोंगाट कॉम्प्युटरला भरकटवतो. रोध असलेल्या वायर आणि रोध असलेले प्लग वापरावेत. उन्हाळ्याबाबत सांगायचे तर बाहेरून बसवलेला पंप टाकीच्या तळापेक्षा उंच नसावा. पंपाच्या पुढे दाब असल्याने तिथे पेट्रोलची सहसा वाफ होत नाही, पण टाकीकडून तो जिथे पेट्रोल ओढतो तिथे मे महिन्याच्या दुपारी सहज होते, आणि मग लोक इंजिनवर ओले फडके टाकत बसतात, जेव्हा दोष गाडीच्या मागच्या बाजूला असतो.

गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही, निदान सगळा देत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण माझ्यासारख्यांच्याच हाताखाली शिकले आणि आम्ही त्यांना कार्बोरेटर शिकवला. पण किटचे चाळीस-पन्नास हजार घेणाऱ्याने बिलासोबत एक कागद द्यायला काय हरकत आहे? चढावर पूर्ण पाय दाबून दहा सेकंद गाडी चालवावी, त्या वेळचा दाब, पंपावरची वीज आणि मिश्रणाचा आकडा लिहावा आणि ग्राहकाच्या हातात ठेवावा. दाबाचा गेज ही काही महाग वस्तू नाही, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत तो असेल तर मुलांना अर्ध्या तासात वापरता येतो. माझ्या त्या विद्यार्थ्याने घाटातून परतल्यावर स्वतःसाठी एक मागवला आहे.

आपण पुढील रविवारच्या पुरवणीत त्या लेखाची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे. पूर्ण लेख पुन्हा छापण्याची गरज नाही. ‘पेट्रोल वाढवून घ्यावे’ या शब्दांच्या आधी ‘चढावर इंधनाचा दाब आणि पंपाची वीज मोजून ती बरोबर असल्यासच’ एवढे घातले तरी पुरे. केजच्या गृहस्थांना मी रविवारपर्यंत गॅरेजमध्ये जाऊ नका म्हणून सांगून ठेवले आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त निदेशक,
अंबाजोगाई, जि. बीड